टीमक्स आणि एआय एजंट: एक उन्हाळा, एक पावसाळा वापरल्यानंतर

घरून सर्व्हर सांभाळणाऱ्या नागपूरकराला मे-जूनचं वेळापत्रक पाठ असतं. दुपारी पारा ४५ च्या घरात, संध्याकाळी वावटळ, आणि मग लाइट गेली. लॅपटॉप इन्व्हर्टरवर चालत राहतो, पण नेट जातं आणि एसएसएच, म्हणजे दूरच्या सर्व्हरशी असलेली जोडणी, तुटतं. एसएसएच तुटलं की त्यात चालू असलेल्या प्रोग्रामला ‘जोडणी तुटली’ असं सांगणारा सिगहप सिग्नल जातो आणि बहुतेक वेळा तो तिथेच मरतो. डेटाबेस रिस्टोअर (बॅकअपवरून डेटा परत भरणं) अर्ध्यावर असेल तर पुन्हा पहिल्यापासून.

मी कळमना मार्केटमधल्या काही अडत्यांच्या हिशोबाचे सर्व्हर बघतो. मशीन्स मुंबईत, मी मनीषनगरात. यंदा एआय एजंटला, म्हणजे स्वतः कमांड चालवू शकणाऱ्या एआयला, हाताशी घेतलं आणि तेव्हाच ठरवलं, की तो सर्व्हरवर जे काही करेल ते टीमक्सच्या सेशनमध्येच करेल. टीमक्स म्हणजे सर्व्हरवरच टर्मिनल उघडं ठेवणारा प्रोग्राम; जोडणी तुटली तरी त्यातलं सेशन चालू राहतं. टीमक्स २००७ पासून आहे, तेच काम करणारा स्क्रीन हा प्रोग्राम तर १९८७ पासून. दोन्ही एजंटांसाठी लिहिलेली नाहीत, पण या कामाला टीमक्स चपखल बसतं. एजंटची स्वतःची कमांड चालवायची सोय आखूड असते: ठरावीक वेळ उलटली की कमांड तोडली जाते, आणि मध्येच कुठे प्रश्न आला तर उत्तर द्यायला कुणी नसतं. टीमक्समध्ये काम सर्व्हरवर चालतं. एजंट सेंड-कीजने कमांड टाइप करतो, कॅप्चर-पेनने पडदा वाचतो. माझं नेट गेलं तरी रिस्टोअर चालूच.

मला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट मात्र वेगळीच आहे: एजंट आणि मी एकच पडदा बघतो. पॅकेज अपग्रेड करताना कॉन्फिग फाइल जुनी ठेवू की नवी, असं विचारलं जातं. एजंट तिथे थांबतो, मला सांगतो. मी त्याच सेशनला अटॅच होतो (जोडला जातो), उत्तर देतो, डिटॅच होतो (सेशन चालू ठेवून बाहेर पडतो). सुडोचा, म्हणजे अ‍ॅडमिनच्या अधिकाराने कमांड चालवायचा, पासवर्डही असाच, माझ्या हाताने. तो एजंटच्या चॅटमध्ये कधीच जाऊ द्यायचा नाही, कारण तिथे लिहिलेलं सगळं त्याच्या लॉगमध्ये राहतं.

त्रासही आहे. काम संपलं की नाही हे एजंटला पडद्यावरून ओळखावं लागतं. म्हणून प्रत्येक लांब कमांडच्या शेवटी मी पडद्यावर मजकूर छापणारी एको कमांड लावायला सांगितलं, ‘झालं’ आणि पुढे एक्झिट कोड, म्हणजे काम जमलं की फसलं ते सांगणारा आकडा. पण पडद्यावर टाइप केलेली कमांडही दिसते, आणि तिच्यातही ‘झालं’ हा शब्द असतोच. काम सुरू झाल्या झाल्या एजंट म्हणतो, आटोपलं. इलाज सोपा निघाला. टाइप केलेल्या ओळीत ‘झालं’पुढे डॉलर आणि प्रश्नचिन्ह (एक्झिट कोडची खूण) दिसतं, खऱ्या आउटपुटमध्ये आकडा येतो. आकडा दिसल्याशिवाय संपलं मानायचं नाही, एवढी एक सूचना पुरली. टीमक्सचं वेट-फॉर त्याहून नेटकं आहे: काम संपलं की सिग्नल मिळतो, पडदा पुन्हा पुन्हा वाचावा लागत नाही.

दुसरी भानगड रुंदीची. अटॅच न होता बनवलेलं सेशन ८० बाय २४ चं असतं, लांब ओळी तुटतात, आणि एजंट फाइलचा अर्धाच मार्ग वाचतो. सेशन बनवतानाच रुंदी २०० ठेवा, कॅप्चर-पेनला कॅपिटल ‘जे’ (-J) फ्लॅग द्या, तो तुटलेल्या ओळी जोडतो. फोनवरून डोकावायचं असेल तर ‘आर’ (-r) फ्लॅगने अटॅच व्हा. नव्या आवृत्त्यांत त्याने फक्त बघता येतं आणि फोनच्या छोट्या पडद्यामुळे सेशन आक्रसतही नाही. धरमपेठेत चहा घेता घेता रिस्टोअर कुठवर आलं ते मी असंच बघतो. स्क्रोलबॅक, म्हणजे वर सरकवून बघता येणारा जुना मजकूर, मुळात २००० ओळींचाच असतो. मोठ्या बिल्डला तो पुरत नाही, पाइप-पेनने सगळं फाइलमध्ये जाऊ द्या.

काही लिनक्सवर लॉगआउट होताच सेशनच गायब होतं. लिनक्सवरचे प्रोग्राम सुरू-बंद करणाऱ्या सिस्टमडीने २०१६ मध्ये, आवृत्ती २३० पासून, युजरचे प्रोसेस लॉगआउटला मारणं हे डीफॉल्ट केलं. उबंटू-डेबियनवर ते बंद असतं. तुमच्याकडे चालू असेल तर लॉगिन-सीटीएलने लिंगर (लॉगआउटनंतरही युजरची कामं चालू ठेवायची सोय) सुरू करा आणि टीमक्स सिस्टमडी-रनने (--user --scope लावून) चालू करा; नुसतं लिंगर पुरत नाही. सर्व्हर रीबूट झाला तर मात्र टीमक्सही जातं. कायम चालायच्या गोष्टी सिस्टमडी सर्व्हिसमध्येच हव्यात, टीमक्समध्ये नव्हेत.

मॉश, म्हणजे एसएसएचच्या जागी वापरायचा प्रोग्राम, मी स्वतःसाठी वापरतो. वाय-फायवरून मोबाइल डेटावर गेलं तरी जोडणी टिकते, फक्त त्याचे यूडीपी पोर्ट फायरवॉलमध्ये उघडे हवेत. एजंटला त्याचा उपयोग नाही, त्याला साधं एसएसएच पुरतं.

एजंटसाठी मी वेगळा युजर आणि टीमक्सचं वेगळं सॉकेट ठेवलंय, म्हणजे त्याची सेशन्स माझ्यांत मिसळत नाहीत; सेशनला कामाचं नाव देतो. बॅकअपची मशीन, टेस्ट सर्व्हर, रिपोर्टचा सर्व्हर त्याच्याकडे बिनधास्त सोपवतो. अडत्यांचा मुख्य डेटाबेस अजून नाही. तिथे तो कमांड टाइप करून ठेवतो, मी वाचतो, आणि एंटर मीच दाबतो. संत्र्याचा हंगाम सुरू झाला की आवक रात्रीपासून लागते, आणि त्या दिवसांत ही पद्धत मी बदलणार नाही.