संगणकावरील कागदपत्रे फोनवर नेणे आणि ती वेळेवर सापडणे : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

गेले काही महिने मी संगणकावरची कागदपत्रे अँड्रॉइड फोनवर नेण्यासाठी तीन मार्ग नियमितपणे वापरत आहे : यूएसबी केबल, लोकलसेंड हे मोफत ॲप आणि गूगल ड्राइव्ह. माझ्या कामात पीडीएफ, वर्डच्या फायली आणि एक्सेलचे तक्ते यांचाच भरणा असतो आणि त्यांतील बरेचसे मला बाहेर असताना, पुष्कळदा इंटरनेटविना, उघडावे लागतात. या वापरातून माझे मत असे झाले आहे की फाइल फोनवर पोहोचवणे आता फारसे अवघड राहिलेले नाही. खरा प्रश्न आहे तो फाइल पोहोचल्यावर कोठे पडते हा, आणि मार्गाची निवड वेगापेक्षा त्यावरून करणे अधिक शहाणपणाचे आहे.

केबल हा यांतील सर्वांत जुना मार्ग. फोन जोडला की तो बहुधा नुसताच चार्ज होऊ लागतो. सूचनापट्टी खाली ओढून ‘फाइल ट्रान्सफर’ हा पर्याय निवडेपर्यंत संगणकाला त्यातले काहीही दिसत नाही. निवडल्यानंतरही फोन पेनड्राइव्हप्रमाणे वागत नाही, कारण फोन आणि संगणक यांच्यात फायली नेण्याआणण्याच्या एमटीपी या पद्धतीत साठ्याचा कारभार फोन स्वतःकडेच ठेवतो आणि संगणकाने मागितलेली फाइल तेवढी देतो किंवा घेतो. त्यामुळे फोनमधील तक्ता जागच्या जागी उघडून दुरुस्त करता येत नाही, तो आधी संगणकावर उतरवून घ्यावा लागतो. शिवाय शेकडो लहान फायली पाठवायला तेवढ्याच आकाराच्या एका मोठ्या फाइलीपेक्षा बराच अधिक वेळ लागतो. विंडोजला ही पद्धत मुळातच कळते, मॅकवर मात्र त्यासाठी वेगळे ॲप घालावे लागते. हे सगळे मान्य करूनही मोठ्या गठ्ठ्यासाठी मी केबलच वापरतो. फाइल कोणत्या फोल्डरात जाणार हे तेथे मी ठरवतो, ॲप नाही.

रोजच्या एक-दोन फायलींसाठी मी लोकलसेंडवर स्थिरावलो आहे. त्याला खाते लागत नाही, इंटरनेट लागत नाही. दोन्ही उपकरणे एकाच वायफायवर असली की पुरे. संगणकावर फाइल निवडायची, समोर दिसणाऱ्या फोनच्या नावावर क्लिक करायचे आणि फोनवर ‘स्वीकारा’ म्हणायचे, एवढेच काम. ॲप प्रत्येक उपकरणाला आपल्या मनाने एक नाव देते; सेटिंगमध्ये जाऊन ते ओळखू येईल असे करून घ्यावे, विशेषतः घरात अनेक फोन असतील तर. उपकरणे एकमेकांना दिसत नसतील तेव्हा दोष बहुधा ॲपचा नसतो : विंडोजमध्ये ते वायफाय ‘सार्वजनिक’ म्हणून नोंदलेले असते, फायरवॉलने, म्हणजे संगणकाशी होणाऱ्या जोडण्यांवर पहारा ठेवणाऱ्या प्रणालीने, ५३३१७ हा पोर्ट (लोकलसेंड वापरते तो जोडणीचा क्रमांक) अडवलेला असतो, किंवा राउटरने जोडलेल्या उपकरणांना परस्परांपासून वेगळे ठेवलेले असते. फाइल घेताना फोनवर ॲप उघडे ठेवावे, हेही लक्षात असू द्यावे.

आता सापडण्याविषयी, कारण सर्वाधिक वेळ तेथेच जातो. लोकलसेंडने आलेली फाइल मुळात ‘डाउनलोड’मध्ये पडते. ब्राउझरने उतरवलेल्या फायलीही तेथेच साचतात, आणि काही आठवड्यांत त्या फोल्डरात काहीही ओळखू येईनासे होते. म्हणून मी ‘कागदपत्रे’ नावाचे एक फोल्डर करून लोकलसेंडच्या सेटिंगमध्ये तीच जागा नेमून दिली, आणि केबलने येणाऱ्या फायलीही तेथेच ठेवू लागलो. या एका बदलाने जेवढा फरक पडला तेवढा कोणत्याही नव्या ॲपने पडला नसता.

‘अलीकडील’ या यादीवर मात्र विसंबू नये. ती यादी बहुधा फाइलीच्या तारखेवरून लागते आणि पाठवण्याचे काही मार्ग फाइलीची मूळ तारीख तशीच राखतात. त्यामुळे तीन वर्षांपूर्वीचा करारनामा आज फोनवर आणला तरी तो यादीच्या तळाशी जाऊन बसू शकतो. त्यापेक्षा नावाने शोधणे बरे, पण फोनमधील शोध बहुतेक वेळा केवळ फाइलीच्या नावातच चालतो, आतल्या मजकुरात नाही. स्कॅनरने दिलेले निव्वळ आकड्यांचे नाव म्हणजे ती फाइल हरवल्यातच जमा. मी नावाच्या आरंभी वर्ष, महिना आणि दिवस या क्रमाने तारीख घालतो, कारण मग नावानुसार लावलेली यादी आपोआप कालक्रमाने लागते. देवनागरी नावे उत्तम चालतात. फक्त ऱ्हस्व-दीर्घ एकसारखे ठेवावे लागतात, कारण ‘वीज’ शोधल्यावर ‘विज’ असे लिहिलेली फाइल पुढे येईल याची खात्री नसते.

मेसेजिंग ॲपवरून स्वतःलाच फाइल पाठवण्याची सवय अनेकांना आहे आणि घाईच्या वेळी ती उपयोगी पडते. साठवणीची जागा म्हणून मात्र ती मला मुळीच पसंत नाही. अशी फाइल त्या ॲपच्या स्वतःच्या फोल्डरात खोलवर राहते, आणि अँड्रॉइड ११ पासून ‘अँड्रॉइड’ फोल्डरातील ‘डेटा’ या भागात तर इतर ॲप्सना, फाइल मॅनेजरलाही, सहसा प्रवेश नसतो. ते ॲप काढून टाकले की त्या भागातील त्याच्या फायलीही जातात.

गूगल ड्राइव्हचे बलस्थान शोध हेच आहे, कारण तो पीडीएफच्या आतला मजकूरही धुंडाळतो. मोफत १५ जीबी जागा कागदपत्रांना पुरेशी आहे, जरी ती जीमेल आणि फोटोंसोबत वाटून घ्यावी लागते. परंतु ॲपमध्ये नाव दिसते म्हणजे फाइल फोनमध्ये आहे, असे नव्हे : जी इंटरनेटविना हवी ती आधीच ‘ऑफलाइन’ म्हणून नेमून ठेवावी लागते, आणि बाहेर पडण्यापूर्वी विमान मोड लावून ती खरोखर उघडते का हे पाहणे मी कधीच टाळत नाही.

एक उणीव अजून शिल्लक आहे. केबल आणि लोकलसेंड दोन्ही प्रत देतात, त्यामुळे तक्ता फोनवर दुरुस्त केला की संगणकावरचा जुनाच राहतो आणि काही दिवसांनी खरा कोणता ते कळत नाही. दोन्हीकडची फोल्डरे आपोआप जुळती ठेवणाऱ्या सिंकथिंगचे अधिकृत अँड्रॉइड ॲप २०२४ च्या अखेरीस बंद झाले. इतरांनी चालवलेली त्याची आवृत्ती उपलब्ध आहे, पण मी ती अजून वापरलेली नाही. तूर्त ज्या फायली बदलत राहतात त्या मी ड्राइव्हवरच ठेवतो, आणि ज्या पूर्ण झाल्या आहेत त्या पीडीएफ करून ‘कागदपत्रे’ फोल्डरात पाठवतो.