फायर पंपाची जनरेटर लाइन: ८०० चा ब्रेकर की ३५० चा?

पुण्यात बसून अमेरिकेतल्या इमारतींची ड्रॉइंग करणाऱ्यांपुढे हा प्रश्न हमखास येतो, आणि बरेचदा तो कॉपी-पेस्टने सुटतो. परवा तपासायला आलेल्या सिंगल लाइनवर (वीजजोडणीच्या एकरेषी ड्रॉइंगवर) युटिलिटीच्या, म्हणजे वीज कंपनीच्या बाजूला ८०० अँपिअर होते, जनरेटरच्या बाजूलाही ८००. पहिला आकडा ठीक. दुसऱ्याभोवती लाल गोल काढला.

पंपाची मोटर ४६० व्होल्ट, १०० एचपी. एनईसीच्या (अमेरिकेच्या विद्युत संहितेच्या) तक्त्यात तिचा फुल लोड करंट, म्हणजे पूर्ण भारावरचा, १२४ अँपिअर; लॉक्ड रोटर, म्हणजे मोटर अडकून फिरत नसतानाचा, ७२५. युटिलिटीच्या लाइनवर कलम ६९५ म्हणतं, ब्रेकरने लॉक्ड रोटर करंट कितीही वेळ वाहू द्यावा. म्हणून ८००. मोटर जळाली तर जळू दे, पाणी थांबता कामा नये, असा रोखठोक हिशोब.

जनरेटरला मात्र हा नियम लागत नाही. तिथे ब्रेकरने पंप रूमचा सगळा लोड एका दमात उचलू द्यायचा, पण रेटिंग एनईसीच्याच कलम ४३०.६२ च्या मर्यादेत ठेवायचं, आणि संरक्षण फक्त शॉर्ट सर्किटपुरतं. ही मर्यादा फुल लोड करंटवरून निघते: १२४ ची अडीच पट ३१०, पुढचं स्टँडर्ड माप ३५०. जॉकी पंप (पाइपातला दाब टिकवणारा छोटा पंप) त्याच लाइनवर असला तरी त्याचे चार-पाच अँपिअर दाखवून ४०० ला जाता येत नाही.

असं का, ते जनरेटर सेटकडे बघितलं की कळतं. ५०० किलोवॉट, ४८० व्होल्टचा सेट साधारण ७५० अँपिअरचा. शॉर्ट झाला की करंट उसळतो आणि काही सायकलमध्ये ओसरतो. पीएमजी एक्सायटेशन (अल्टरनेटरच्या चुंबकक्षेत्राला वेगळ्या छोट्या कायमचुंबकी जनरेटरची वीज) असेल तर सुमारे तिप्पट, म्हणजे २,२५० च्या आसपास, काही सेकंद टिकतो. ब्रेकरचं मॅग्नेटिक, म्हणजे मोठ्या करंटला तत्काळ सुटणाऱ्या भागाचं सेटिंग पाच पट धरा: ३५० चा ब्रेकर १,७५० ला सुटतो. ८०० च्याला ४,००० लागतात, म्हणजे ओसरलेला करंट त्याच्या मॅग्नेटिकला दिसतच नाही. मग थर्मल, म्हणजे उष्णतेने सावकाश सुटणारा भाग, तापेपर्यंत केबल आणि अल्टरनेटर भाजत राहतात.

८०० वाल्यांची भीती एकच: पंप सुरू होताना ३५० उडाला तर? सुरुवातीची उसळी धरूनही करंट सहसा १,७५० च्या खाली राहतो. खरी तपासणी वेगळी आहे. पंपाच्या कंट्रोलरचा स्वतःचा ब्रेकर लॉक्ड रोटरला ८ ते २० सेकंदांत सुटतो, तोवर वरच्या ३५० ने धीर धरायला हवा. ७२५ म्हणजे ३५० च्या जेमतेम दुप्पट, तिथे साध्या थर्मल-मॅग्नेटिकचा वेळ याहून बराच जास्त असतो. इलेक्ट्रॉनिक ट्रिपच्या ब्रेकरला लाँग टाइम डिले (ओव्हरलोडला सुटण्याआधीचा विलंब) किमानावर ठेवलात तर मात्र घोळ.

माझं मत सरळ ३५०. फक्त तो इमारतीच्या बाकी लोडच्या ब्रेकरखाली लटकवू नका. जनरेटरपासून स्वतंत्र काढा, नाहीतर चिलरच्या ओव्हरलोडने वरचा उडाला की पंपही गेला.