साडेसात महिने वापरलेला मायक्रोस्कोप, बायोलॉजी सक्तीची झालेल्या इंजिनिअरिंगवाल्यांसाठी

ऑगस्टात घेतला होता, आता मार्च संपत आलाय. डबा उघडल्या दिवशीच "एक नंबर माल" असं लिहिणाऱ्यांच्या नादी लागून मी आधी एकदा फसलोय म्हणून मुद्दाम एवढा थांबलो.

मी मेकॅनिकल सेकंड इयर, नांदेडला रूम करून राहतो, गाव परभणी जिल्ह्यात. दहावी झाली तशी बायोलॉजी सोडली, परत तोंड बघायचं नाही म्हणलं होतं, आणि तिसऱ्या सेमला ती "बायोलॉजी फॉर इंजिनिअर्स" होऊन दारात हजर. झेरॉक्सच्या दुकानात सीनियरच्या नोट्स मिळाल्या, त्यात पेशी, मायटोकॉन्ड्रिया, रायबोसोम (पेशीतलं प्रोटीन बनवणारं यंत्र), डीएनएचा पीळ, सगळ्याच्या आकृत्या एकाच साईझच्या. माझ्या मते खरा घोळ इथंच होतो. पानावर पेशी ताटाएवढी आणि रायबोसोम वाटाण्याएवढा काढलेला असतो, खरं तर पेशी ताटाएवढी धरली तर रायबोसोम रव्याच्या बारीक कणाएवढा यायला पाहिजे. मेकॅनिकलवाल्याला ड्रॉइंगवर स्केल नसलं की चैन पडत नाही, इथं तर कुठंच स्केल नाही. म्हणून म्हणलं एकदा डोळ्यानं बघू, आणि पाच हजाराच्या आतला विद्यार्थ्यांचा कंपाउंड मायक्रोस्कोप मागवला. कंपनीचं नाव लिहीत नाही, ह्या किमतीत सगळे जवळपास सारखेच असतेत.

माल कसा आहे ते आधी. ४, १०, ४० आणि १०० एक्सचे (एक्स म्हणजे पट) चार ऑब्जेक्टिव्ह, म्हणजे स्लाईडकडची भिंगं, १० आणि १५ एक्सचे दोन आयपीस, म्हणजे डोळ्याकडची, खाली एलईडी. बॉडी धातूची, वजनदार, हे चांगलं. पहिल्याच आठवड्यात स्टेज आपोआप खाली सरकायला लागलं, फोकस लावून पेन उचलेपर्यंत चित्र गायब. परत पाठवणार होतो, पण मोठ्या नॉबच्या मागं एक टेन्शनची रिंग असते ती पाव फेरा आवळली आणि आजपर्यंत सरकलं नाही. आत साधं रॅक आणि पिनियनच आहे, थोडा बॅकलॅश, म्हणजे दात्यांतला ढिलेपणा, आहे, म्हणून फोकस नेहमी एकाच दिशेनं लावत जायचं. लाईट गेली की एलईडी पॉवर बँकेवर चालतो, ह्याचा उपयोग काय असतो ते आपल्याकडच्या लोकांना सांगायला नको.

पावसाळ्यात मात्र काळजी घ्या, सप्टेंबरात झड लागली होती तेव्हा माझ्या १० एक्सच्या काचेवर बुरशीचं जाळं धरलं, पुसून गेलं पण एक डाग राहिलाय. तेव्हापासून चपला-बुटाच्या डब्यात येतेत त्या सिलिका जेलच्या पुड्या गोळा करून पेटीत टाकतो.

आता डब्यावर जे "१५०० एक्स" छापलंय त्याबद्दल. १०० ला १५ नं गुणलं की १५०० येतंच, त्यात खोटं काही नाही, पण त्याला अर्थ पण नाही. ऑब्जेक्टिव्हच्या नळीवर दुसरा एक आकडा असतो, माझ्या ४० एक्सवर ०.६५ आणि १०० एक्सवर १.२५, त्याला न्यूमेरिकल अॅपर्चर म्हणतेत आणि खरा मालक तोच. प्रकाशाची तरंगलांबी ०.५५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) धरा, तिला ०.६१ नं गुणा, त्या आकड्यानं भागा. ४० एक्सला उत्तर साधारण अर्धा मायक्रॉन येतं आणि १०० एक्सला पाव मायक्रॉनच्या थोडं वर. ह्याच्यापेक्षा जवळ असलेले दोन ठिपके एकच दिसणार, वर कितीही भिंग चढवा. मोबाईलवरचा फोटो ताणत गेलं की नुसता मोठा आणि पुसट होतो ना, तसंच. १५ एक्सचा आयपीस मी दोनदा लावला असंल. आणि १०० एक्सला काच आणि स्लाईडच्या मधी तेल लागतं, मी पैसे वाचवायला एरंडेल लावून बघितलं, बऱ्यापैकी दिसलं पण लेन्स इतकी चिकट झाली की पुसता पुसता रडू आलं, तेव्हा ते करू नका, इमर्शन ऑइलची बारकी बाटली घ्या.

रंगासाठी मिथिलीन ब्लू लागतं, ते मला फिश टँकच्या दुकानात मिळालं, माशांच्या बुरशीवर वापरतेत. तिथंच हायड्रिला ही पाण्यातली वनस्पती पण मिळाली. गालाच्या आतून टूथपिक फिरवून एक थेंब निळं टाकलं की स्वतःच्या पेशी दिसतेत, मधी गडद केंद्रक. मोजमापाची सोय अशी केली की प्लास्टिकची पट्टी ४ एक्सखाली ठेवून गोलात किती मिलिमीटर मावतेत ते मोजलं, साडेचार आले, म्हणजे ४० एक्सला ०.४५ मिमी. त्या हिशोबानं गालाची पेशी ५०-६० मायक्रॉनची भरली. त्या दिवशी पहिल्यांदा पेशीला माप आलं. घरच्या दह्याचा थेंब १०० एक्सखाली ठेवला तर बारीक काड्या आणि ठिपक्यांच्या माळा, एकेक मायक्रॉनच्या आसपासच्या, आणि इथं हे यंत्र संपतं.

पण सगळ्यात जास्त वेळ मी हायड्रिलाच्या पानावर घालवला. पेशीच्या कडेकडेनं हिरवे क्लोरोप्लास्ट रांगेनं फिरत असतेत, बाजाराच्या दिवशी एसटी स्टँडात गाड्या वळतेत तसं. मोबाईलचं स्टॉपवॉच लावून मोजलं, सेकंदाला ४-५ मायक्रॉन. मग वाटलं की हे फिरतंय कशाला, नोट्समध्ये नुसतं "सायटोप्लाझमिक स्ट्रीमिंग" एवढंच लिहिलेलं. डिफ्यूजनचं, म्हणजे रेणू आपोआप पसरत जातेत त्याचं, सूत्र लावून बघा: वेळ म्हणजे अंतराचा वर्ग भागिले दोन डी, डी म्हणजे पसरण्याचा गुणांक. पेशीतल्या प्रोटीनला डी साधारण १० चौरस मायक्रॉन प्रति सेकंद धरला तर एक मायक्रॉनचा बॅक्टेरिया पार करायला ०.०५ सेकंद, आणि १०० मायक्रॉनची पानाची पेशी पार करायला ५०० सेकंद, म्हणजे आठ मिनिटांच्या वर. अंतर शंभर पट, वेळ दहा हजार पट. बॅक्टेरियाला आतून ढवळायची गरजच नाही आणि मोठ्या पेशीला ढवळल्याशिवाय भागत नाही, म्हणून मायोसिन नावाचं मोटर प्रोटीन एटीपी (पेशीचं इंधन) जाळून अॅक्टिनच्या धाग्यांवरून ओढकाम करत असतं. हे मला कुणी शिकवलं नव्हतं, रात्री दीड वाजता वहीवर गणित सुटलं तेव्हा रूममेटला उठवून सांगितलं आणि शिव्या खाल्ल्या.

तो रूममेट इलेक्ट्रिकलचा. त्याला जागा केलाच होता म्हणून पेशीच्या पडद्याचं व्होल्टेज सांगितलं, चेतापेशीत ७० मिलिव्होल्ट, तो म्हणला हे काय व्होल्टेज झालं का. म्हणलं पडद्याची जाडी ५ नॅनोमीटर, म्हणजे मायक्रॉनच्या हजाराव्या भागाच्या पाचपट, आहे, भाग आता. मीटरला १ कोटी ४० लाख व्होल्ट. हवेत ठिणगी पडायला ३० लाख पुरतेत. मग त्याची झोप उडाली.

लाल कांद्याचा पापुद्रा घ्या, त्याला रंग द्यायची पण गरज नाही. बाजूनं मिठाच्या पाण्याचा थेंब सोडला की डोळ्यांदेखत आतला जांभळा भाग आकसून भिंतीपासून सुटतो. आईला दाखवलं तर म्हणली, "त्यात काय, काकडीला मीठ लावलं की पाणी सुटतंयच." बरोबर आहे, पण किती जोर लागतो त्याचा आकडा तिला सांगितल्यावर तिनं पण तोंडाला पदर लावला: दवाखान्यात चढवतेत ते ०.९ टक्क्याचं सलाईन, त्याचा ऑस्मोटिक दाब (मिठामुळं पाणी ओढलं जातं तो जोर) शरीराच्या तापमानाला सुमारे ८ बार येतो, म्हणजे ८० मीटर उंच टाकीच्या तळाला असतो तेवढा. आपल्या पेशींच्या आत-बाहेर एवढाच दाब समतोलात आहे म्हणून आपण आहोत.

हाच दाब मला दिवाळीत वावरात कामाला आला. मायक्रोस्कोप गावी नेला होता, कापसाची वेचणी चालू होती. अण्णांनी एक किडकं बोंड फोडून गुलाबी अळी हातावर ठेवली आणि विचारलं, "ते बीटी बीटी म्हणतेत, तर बियात नेमकं घातलंय काय रे?" २००२ पासून आपल्याकडं बीटी कापूस आहे, २००६ ला दोन जनुकांचा आला, २०१७ ला बोंडअळीनं महाराष्ट्रभर पऱ्हाटी खाल्ली ते मला शाळेतलं आठवतंय, आणि इतक्या वर्षांत हे कुणी त्यांना समजावून सांगितलेलं नव्हतं.

मी सांगितलं ते असं. मातीत बॅसिलस थुरिंजिएन्सिस नावाचा बॅक्टेरिया असतो, तो क्राय नावाचं प्रोटीन बनवतो. ते बनवायचा मजकूर डीएनएत असतो, आणि बॅक्टेरियाची आणि कापसाची लिपी एकच, म्हणून तो मजकूर कापसाच्या डीएनएत बसवला की कापसाचे रायबोसोम तो वाचून तेच प्रोटीन पानात-बोंडात बनवतेत. अळीनं खाल्लं की तिच्या आतड्यातल्या अल्कधर्मी रसात त्याचे तुकडे होऊन ते चालू होतं, आतड्याच्या पेशीवरच्या रिसेप्टरला, म्हणजे त्याच्यासाठीच्या खाचेला, जाऊन बसतं आणि पडद्याला भोकं पाडतं. भोक पडलं की समतोल गेला, पाणी आत शिरतं आणि पेशी फुगून फुटते. आपलं पोट आम्लाचं आणि आपल्याकडं तसा रिसेप्टर नाही. मग अळी मरंना का गेली? काही गुलाबी अळ्यांत त्या रिसेप्टरचा आटा बदलला, जुना बोल्ट आता बसंना, आणि बाकीच्या मेल्या तरी ह्यांची पिल्लं वाढत गेली.

अण्णांनी सगळं ऐकून घेतलं, अळी ४ एक्सखाली बघितली आणि म्हणले, "मग तू म्हणलास ती भोकं दिसतेत का ह्या दुर्बिणीत?"

"नाही दिसत."

"मग पाच हजाराचं काय केलंस?"

ह्या मायक्रोस्कोपचा खरा दोष म्हणाल तर हाच. मॉलिक्युलर बायोलॉजीतलं जे जे म्हणून यंत्र आहे ते सगळं पाव मायक्रॉनच्या खाली राहतं. डीएनए २ नॅनोमीटर जाड, रायबोसोम २५च्या आसपास. गंमत अशी की अर्धापूरचं केळ कुस्करून त्यात मीठ आणि भांड्याचा साबण घातला, गाळून वरून थंडगार स्पिरिट सोडलं की डीएनएचा पांढरा गुंता ग्लासात नुसत्या डोळ्यानं दिसतो, आणि तोच गुंता भिंगाखाली ठेवला तर पीळ वगैरे काही नाही, नुसता शेंबडासारखा धागा.

पण अण्णांच्या प्रश्नाचं उत्तर मला परीक्षेच्या अभ्यासात सापडलं. एटीपी सिंथेज म्हणून एक फिरती मोटर आहे, जवळपास प्रत्येक जिवात, प्रोटॉनच्या प्रवाहावर फिरते आणि एका फेऱ्याला तीन एटीपी बनवते. तिचं डोकं १० नॅनोमीटरचं, भिंगात दिसायचा प्रश्नच नाही. १९९७ साली जपानच्या शास्त्रज्ञांनी तिच्या मधल्या दांड्याला अॅक्टिनचा चमकणारा लांब धागा चिकटवला आणि एटीपी देऊन ती उलटी चालवली, मोटर दिसंना पण धागा पंख्याच्या पात्यासारखा फिरताना प्रकाशावरच चालणाऱ्या फ्लुरोसन्स मायक्रोस्कोपमध्ये दिसला. हे वाचून मी अण्णांना फोन केला. ते म्हणले, "म्हणजे गाडी दिसत नाही पण धुरळा दिसतोय."

तर घ्यायचा का? फक्त पेपर काढायचा असंल तर नका घेऊ, नोट्स पाठ करून पेपर निघतो, माझा पण अर्धा तसाच निघाला. दोघा-तिघांत मिळून घेणार असाल तर घ्या, आणि घेताना एक्स बघू नका, नळीवरचा दुसरा आकडा बघा, कंडेन्सर (स्टेजखालचं प्रकाश गोळा करणारं भिंग) खाली-वर होतो का बघा. ४० एक्सची काच स्लाईडला टेकली तर आत दबली पाहिजे, तिथं स्प्रिंग असावी लागते, माझ्यात आहे म्हणून आत्तापर्यंत एकच कव्हर स्लिप फुटली. बाकीच्या चाळीसेक मी पुसताना फोडल्या. त्या शंभराच्या डबीतच मागवा, सुट्या लई महाग पडतेत.