सात इंची उतारवाली उशी: सात महिन्यांनंतर (हायटस हर्नियावाल्यांनी घेण्याआधी वाचा)

राखाडी, त्रिकोणी, 7 इंचाची उशी, पाठ आणि डोकं वर ठेवून झोपायची, कंपनीच्या फोटोत दिसते तशीच आहे. जानेवारीत 2,199 ला घेतली. आज लिहायला बसली कारण काल कंपनीने माझी तक्रार तिसऱ्यांदा बंद केली.

आधी कशासाठी घेतली ते सांगते. दोन वर्षं मला रात्रीचा कोरडा खोकला होता. कोणी म्हणे कूलरची धूळ, कोणी म्हणे अ‍ॅलर्जी, किती सिरपं झाली त्याचा हिशोब नाही. मग डिसेंबरात एका लग्नात सावजी जेवण झालं, घरी येऊन लगेच आडवी झाली आणि रात्री दोनला छातीत असं दुखलं की मी आणि हे दोघंही घाबरलो, तसेच हॉस्पिटलात गेलो. ईसीजी, रक्ततपासणी सगळं नॉर्मल. (छातीत दुखलं की आधी हार्टच तपासा, अ‍ॅसिडिटी आहे म्हणून घरी बसू नका, दोन्हीचं दुखणं सारखंच वाटतं.) नंतर नागपूरच्या धंतोलीतल्या डॉक्टरांनी एंडोस्कोपी केली (तोंडातून नळी घालून आतून तपासणी), रिपोर्टमधे हायटस हर्निया, सरकणाऱ्या प्रकारचा. बहुतेकांना हाच असतो म्हणे.

डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. छाती आणि पोटाच्या मधे स्नायूचा पडदा असतो, डायफ्राम, त्यात अन्ननलिका खाली जायला एक भोक असतं. वयाने, वजनाने, सारखं कुंथण्याने नाहीतर खोकण्याने ते भोक सैल होतं आणि जठराचा वरचा भाग त्यातून छातीत सरकतो, हाच हायटस हर्निया. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला एक झडप आहे आणि हाच पडदा तिला बाहेरून आवळून धरतो. दोघं एका जागी असले तर गच्च बसतं, जठर वर सरकलं की दोघांची जागा चुकते आणि आंबट पाणी वर यायला रस्ता मोकळा. ते घशापर्यंत आलं की खोकला, सकाळी बसलेला आवाज. माझं हिमोग्लोबिन 9.6 होतं, त्याचंही कारण इथेच असू शकतं म्हणाले, सरकलेल्या जठराला पडद्याच्या काठावर घासून बारीक जखमा होतात आणि थोडं थोडं रक्त जात राहतं. गोळी अ‍ॅसिड कमी करते, जठर खाली आणत नाही. म्हणून गोळी जेवणाआधी अर्धा तास, झोपण्याआधी तीन तास पोटात काही नाही, आणि डोक्याची बाजू 6 ते 8 इंच वर.

तर ही उशी. पहिले तीन महिने मी हिच्यावर खूश होती, पहिल्याच आठवड्यात रात्रीचं आंबट पाणी थांबलं, खोकला महिन्याभरात जवळजवळ गेला. तेव्हा मी हिला पाच स्टार दिले होते, ते इथे आहेतच. साध्या दोन-तीन उशा एकावर एक रचून हे होत नाही बरं, त्याने फक्त मान वाकते आणि पोट दुमडून उलट दाब वाढतो. उतार कमरेपासून पाहिजे.

एप्रिलच्या शेवटी खोकला परत आला. डॉक्टर गोळी वाढवू म्हणाले. घरी येऊन मी शिलाईचा टेप लावला तर जिथे पाठ टेकते तिथे उशी साडेचार इंच! सातची साडेचार, चार महिन्यात! माझं वजन 64 किलो आहे, काही क्विंटलभर नाही. वरचा थर मेमरी फोमचा आहे, तो गरमीत आणखी नरम पडतो आणि आपल्याकडे मे महिना कसा असतो हे कंपनीला कोणी सांगावं. एक वर्षाची वॉरंटी लिहिली आहे, टेप लावून फोटो पाठवले, उत्तर आलं हे 'नॉर्मल सेटलिंग' आहे. ज्या उशीचं सगळं काम उंचीचंच, तिची उंची गेली तर उरलं काय? मला हेच पटून नाही राहिलं. कव्हर, चेन, शिवण सगळं एकदम चांगलं आहे, त्याबद्दल तक्रार नाही, पण मी कव्हर विकत घेतलं नव्हतं.

जूनमधे हे लकडगंजहून पलंगाच्या पायांखाली ठेवायला दोन सागवानी ठोकळे घेऊन आले, 6 इंच उंच, वर पाय बसायला खाच पाडलेली, दोन्ही मिळून 340 रुपये. डोक्याकडचे दोन्ही पाय त्यावर. पहिले चार दिवस दोघंही खाली घसरत होतो, सॅटिनची चादर काढून जाड सुती टाकली तसं थांबलं. डाव्या कुशीवर झोपते, त्यात जठर अन्ननलिकेच्या खाली राहतं. खोकला तीन आठवड्यात गेला, गोळी वाढवावी लागली नाही. आधी मी सगळ्यांना उशीच घ्या म्हणत होती, आता म्हणते पलंगाला पाय असतील तर आधी ठोकळे लावून पहा.

पण पुण्याला लेकीकडे बॉक्सचा पलंग आहे, तो उचलता येत नाही, तिथे उशीशिवाय इलाज नाही. त्यासाठी गांधीबागेतल्या एका फोमवाल्याकडून ह्याच कव्हरमधे बसेल असा 40 डेन्सिटीचा, म्हणजे दाट फोमचा तुकडा कापून घेतला, 850 रुपये, मेमरी फोम अजिबात नाही. घेताना 7 इंच होता, काल मोजला, पावणेसात.

उशीला दोन स्टार, दोन्ही कव्हरचे.