नोझल तुटलं: पुन्हा प्लास्टिक, की आता अ‍ॅल्युमिनियम?

गॅस ब्लोबॅक म्हणजे गॅसच्या दाबाने प्लास्टिकचे छर्रे मारणारं आणि दर शॉटला स्लाइड (वरचा सरकता भाग) मागे फेकणारं एअरसॉफ्ट खेळातलं पिस्तूल. ते नियमित वापरणाऱ्याचं नोझल, म्हणजे छर्र्यामागे गॅस सोडणारं आतलं छोटं तोंड, आज ना उद्या तुटतंच. माझ्याकडचं पिस्तूल हाय-कापाच्या (जपानच्या तोक्यो मारुई कंपनीच्या एका मॉडेलच्या) धाटणीचं आहे, त्याचं दोनदा तुटलं. एकदा पुढची खालची जीभ गेली, म्हणजे मॅगझिनमधला छर्रा हॉप-अपकडे (छर्र्याला फिरकी देणाऱ्या रबराकडे) ढकलणारा तो एवढासा भाग. दुसऱ्यांदा नोझलला मागे ओढणारी रिटर्न स्प्रिंग जिथे अडकते तिथला कोपरा उडाला. पहिल्या खेपेला मी अ‍ॅल्युमिनियमचं बसवलं, दुसऱ्या खेपेला मुकाट्याने साधं प्लास्टिक.

चिकटवून बघण्याचा विचार असेल तर एक संध्याकाळ वाया जाईल, बाकी काही नाही. तुटलेली कड इतकी बारीक असते की गोंदाला धरायला जागाच नसते. मी चिकटवलेली जीभ दुसऱ्या मॅगझिनलाच परत निघाली आणि नळीत जाऊन बसली.

अ‍ॅल्युमिनियमची बाजू आधी मांडतो, कारण ती खोटी नाही. ते तुटत नाही. आठ महिने वापरलं, ओरखड्यांपलीकडे त्याला काही झालं नाही. मात्र डब्यावर मारुईच्या मापाचं असं लिहिलं म्हणजे तुमच्या पिस्तुलात बसेलच, असं समजू नका. जुना फ्लोटिंग व्हॉल्व्ह (नोझलच्या आतली, गॅसचा झोत वळवणारी झडप) आणि त्याची स्प्रिंग नव्यात टाकून जोडणी केली, तर स्लाइड शेवटचे दोन मिलिमीटर पुढे जाईना. मग बारीक पॉलिश पेपर, एक घासा मारायचा, पुसायचं, जोडून बघायचं, पुन्हा काढायचं. रिकॉइल स्प्रिंग न लावता स्लाइड नुसती तिरकी धरली की नोझलसकट आपल्या वजनाने पूर्ण पुढे यायला हवी, ही माझी साधी परीक्षा. तीन संध्याकाळी गेल्या त्यात. पण हेही मी मनावर घेतलं नसतं.

माझं मन उडालं ते मॅगझिनांमुळे. साधारण पाचव्या महिन्यात पाऊचमधून मॅगझिन काढलं की एखाददुसरा छर्रा तळाशी सापडायला लागला. आधी वाटलं, भरतानाच सांडला असेल. मग एकदा भरलेलं मॅगझिन हातात धरून अंगठ्याने हलकं टिचकावलं, तर वरचा छर्रा टुपकन बाहेर, त्याच्यामागे दुसरा. भिंगातून बघितलं तेव्हा छर्रे धरून ठेवणाऱ्या प्लास्टिकच्या कडा आतून कुरतडल्यासारख्या दिसल्या. दर शॉटला नोझलची धातूची जीभ तिथूनच घासत जाते. चारही मॅगझिनांची तीच गत, आणि जे जास्त वापरात होतं त्याची सगळ्यात वाईट. नोझल एक, मॅगझिनं चार. कुठला भाग तुटलेला परवडतो, हा हिशेब मी तोपर्यंत केलाच नव्हता. प्रत्येक पिस्तुलात असंच होईल असं माझं म्हणणं नाही. माझ्या नोझलच्या कडा जास्त धारदार राहिल्या असतील, घासण्यात माझाही हात चुकला असेल. तरी छर्रे सांडणारं मॅगझिन घेऊन खेळणं किती चिडचिडं असतं, ते ज्याचं त्यालाच कळतं.

प्लास्टिकचं मूळ नोझल त्यानंतर दहा मिनिटांत बसलं. घासणं नाही, काही नाही. ते चौदा महिने टिकलं. तुटलं तेव्हा त्याचा कपचा तेवढा निघाला, हॉप-अप शाबूत, मॅगझिन शाबूत.

खरं तर आपण बऱ्याचदा आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला असं करतो. नोझल तुटतं ते अनेकदा गॅसमुळे. मारुईची ही रचना मुळात एचएफसी १३४ए या कमी दाबाच्या गॅससाठीची. २० अंश सेल्सिअसला त्याचा दाब पावणेपाच बारच्या आसपास असतो. ग्रीन गॅस म्हणजे सिलिकॉन तेल मिसळलेला प्रोपेन, त्याचा त्याच तापमानाला सव्वासातच्या पुढे. पारा ३५ वर गेला की प्रोपेन ११ बार ओलांडतो. त्या दाबाने मागे फेकलेली स्लाइड, त्यात ती धातूची असेल तर, परत येताना नोझलला काय धक्का देत असेल बघा. माझी दोन्ही नोझलं कडक उन्हाच्या दिवसांतच गेली. आता तापलेल्या हवेत मी कमी दाबाचा गॅस भरतो. पिस्टन कपला, म्हणजे नोझलच्या आत गॅस अडवणाऱ्या रबरी वाटीला, सिलिकॉन तेलाचा थेंब देतो. कप कोरडा पडला की नोझल अडखळत मागे जातं. दुसरं कुठलं पेट्रोलियमचं तेल तिथे नको, रबर फुगतं.

अ‍ॅल्युमिनियम कुणी घ्यावं? धातूची स्लाइड, कायम ग्रीन गॅस आणि मॅगझिनांचे सुटे ओठ (छर्रे धरणाऱ्या त्या कडा) सहज मिळतात, असा ज्याचा मामला आहे त्याने खुशाल घ्यावं. फक्त जिभेच्या कडा बसवण्याआधी गोल करून घ्या. फायबर मिसळलेल्या नायलॉनची नोझलंही मिळतात. एका मित्राचं छान चाललंय, मी स्वतः वापरलेलं नाही. मला विचाराल तर अ‍ॅल्युमिनियमच्या एकाऐवजी मूळची दोन प्लास्टिकची घ्या आणि एक डब्यात पडू द्या.

सोबत रिटर्न स्प्रिंगही जास्तीची मागवा. ब्लोबॅक युनिट, म्हणजे स्लाइडमधला नोझलचा जोड, उघडताना ती हमखास उडते, म्हणून हल्ली मी दोन्ही हात पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत घालूनच ते काम करतो. पहिली उडाली ती अजून सापडलेली नाही.