हलकी ई-सायकल: मोटर चाकात की पेडलपाशी?

रोज जिना चढून सायकल घरात न्यायची असेल, तर मोटरच्या ताकदीआधी वजन बघा. नेहमीची ई-सायकल साधारण 22-25 किलोंची. हलकी 15-18 किलोंत बसते. तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत हा फरक चांगलाच कळतो.

मागच्या चाकात मोटर असलेली सायकल साधी आणि बहुधा स्वस्त. मोटरचा जोर थेट चाकावर पडतो, त्यामुळे साखळी कमी झिजते. एकच गिअर आणि साखळीऐवजी पट्टा असेल, तर तेल-वंगणाची कटकटही नाही. खोड एकच: मागचं चाक पंक्चर झालं की आधी मोटरची वायर सोडवा, नट ढिले करा, मग चाक काढा. पाना जवळ नसेल तर सायकल ढकलत चालायचं.

पेडलपाशी मोटर असलेली चढावर सरस, कारण तिचा जोर गिअरमधून जातो. साखळी मात्र लवकर बदलावी लागते.

सपाट रस्ता, 8-10 किलोमीटर? मी डोळे झाकून पहिली घेईन. चढ रोजचेच असतील तर दुसरी. बॅटरी फ्रेममध्येच बंदिस्त असेल, काढून घरात नेता येत नसेल, तर सायकल लावता तिथे प्लग आहे ना, हे आधी पाहा.