गोंद धरेना तेव्हा कळलं

वागळे इस्टेटमधल्या एका टूल रूममध्ये माझी ३१ वर्षं गेली. निवृत्त झाल्यावर हात स्वस्थ बसेनात, म्हणून ड्रॅग रेसिंगच्या, म्हणजे छोट्या सरळ ट्रॅकवरच्या वेगाच्या शर्यतीच्या, गाड्यांची मॉडेलं बनवायला लागलो. बहुतेक १/२५ मापाची, म्हणजे खऱ्या गाडीतला एक इंच माझ्या टेबलावर जेमतेम एक मिलिमीटर. वर्तकनगरच्या आमच्या घरातली बंद गॅलरी हाच माझा कारखाना. आठ सिलिंडरच्या आठ प्लग वायरी मी मोटरच्या वाइंडिंगच्या बारीक तारेच्या करतो. एका इंजिनाला पंधरा दिवस सहज जातात.

हे सांगतोय कारण ज्याने मला फसवलं त्याला यातलं सगळं ठाऊक होतं. मॉडेलच्या दुनियेतला फसवा माणूस अडाणी असेल, बोलताना पकडला जाईल, असं मला वाटायचं. हा मुलगा फोनवर तासभर बोलायचा. अमेरिकेतला ड्रॅग रेसर डॉन गार्लिट्स, त्याची गोष्ट यानेच काढली. १९७० साली लायन्सच्या ट्रॅकवर गार्लिट्सच्या ड्रॅगस्टरचा, म्हणजे लांबट शर्यतीच्या गाडीचा, गिअरबॉक्स फुटला आणि उजव्या पायाचा पुढचा भाग गेला. तेव्हा इंजिन चालकाच्या पुढे असायचं. गार्लिट्सने पुढच्याच वर्षी इंजिन पाठीमागे नेलेली गाडी उतरवली, जिंकून दाखवलं आणि मग सगळ्यांनीच तशा गाड्या केल्या. जखमी माणसाने यंत्राची चूक शोधून यंत्रच बदललं, ही गोष्ट माझ्यासारख्याच्या काळजाला भिडणारी. ती दुसऱ्या कुणाच्या तोंडून मराठीत ऐकली आणि मी विरघळलो. ‘काका, तुमच्यासारखं काम इथे कुणी करत नाही,’ असंही तो म्हणायचा.

पहिला व्यवहार चोख झाला. कोपरखैरणे स्टेशनबाहेर भेटला, रंगाच्या सहा बाटल्या आणि एक छोटं किट, म्हणजे जोडायच्या सुट्या भागांचं खोकं, दिलं, भाव वाजवी, माल अस्सल. आता कळतं की तो गळाला लावलेला तुकडा होता.

मग त्याने मोठी गोष्ट काढली. अमेरिकेत त्याचा मामा वारला, त्याचा संग्रह विकायचा आहे. त्यात ड्रॅग रेसर डॉन प्रुडहोमच्या पिवळ्या प्लिमथ कुडा गाडीचं जुनं सीलबंद किट आहे. प्रुडहोम म्हणजे ‘स्नेक’ आणि त्याचा जोडीदार टॉम मॅकएवेन म्हणजे ‘मंगूस’. १९७० मध्ये हॉट व्हील्स या खेळण्यातल्या गाड्यांच्या जाहिरातीसह ही साप-मुंगसाची जोडी अमेरिकाभर पाव मैलाच्या, म्हणजे १३२० फुटांच्या शर्यती करत फिरली. लाल प्लिमथ डस्टर मॅकएवेनची, पिवळी कुडा प्रुडहोमची. लाल गाडी माझ्याकडे तयार होती. पिवळीसाठी मी सहा वर्षं थांबलो होतो. ७,५०० रुपये दिले. खोकं कुरिअरने आलं.

खोक्याचे कोपरे झिजून पांढरे पडले होते आणि त्यावरची प्लास्टिकची फिल्म मात्र कोरी, ताणलेली, कुठे एक ओरखडा नाही. पन्नास वर्षांची फिल्म कडक होते, कोपऱ्यावर फाटते. झिजलेल्या खोक्यावर नवी फिल्म म्हणजे कुणीतरी आत हात घातलेला आहे. मी ते पाहिलं होतं. डोळ्यांनी पाहिलं आणि मनाने बाजूला सारलं, कारण मला ती गाडी हवी होती.

सीलबंद किट लगेच फोडवत नाही, म्हणून ते महिनाभर कपाटात राहिलं. तेवढ्यात त्याने दुसरा डाव टाकला. मामाच्या संग्रहातला १/१६ मापाचा मागच्या इंजिनाचा ड्रॅगस्टर, आगाऊ १४,००० रुपये. यूपीआयवर पैसे टाकताना खातेदाराचं नाव वेगळंच दिसलं. विचारलं तर म्हणाला, ‘दादाचं खातं आहे, काका.’ आठवड्याने फोन आला, पार्सल कस्टममध्ये अडकलंय, ३,८०० भरले तर सुटेल. तेही भरले. परदेशातून येणाऱ्या पार्सलची ड्युटी पोस्टात किंवा कुरिअर कंपनीकडे भरायची असते आणि तिची पावती मिळते, कुणा दादाच्या खात्यावर ती जात नाही. हे मी नंतर पोस्टात जाऊन विचारलं. आधी विचारायला पाच मिनिटं लागली असती.

गणपती झाल्यावर पिवळी कुडा उघडली. बॉडीला आतून आधाराची पट्टी लावायला घेतली, तर पातळ सिमेंट धरेना. हे सिमेंट किटचं प्लास्टिक किंचित विरघळवून दोन भाग एकजीव करतं. इथे पट्टी नुसती घसरत राहिली. कानशीने आतला कोपरा घासला, तर पांढऱ्या रंगाखाली पिवळट रेझिन निघालं. कुणीतरी अस्सल बॉडीचा रबरी साचा करून त्यात ओतलेली नक्कल. रेझिन जमताना आकसतं, म्हणून एका मित्राकडच्या किटची बॉडी आणून व्हर्नियर लावला. माझी दीड मिलिमीटर आखूड. क्रोमच्या भागांवर स्प्रेचा चंदेरी रंग होता. शेवटी नावांचे स्टिकर कोमट पाण्यात टाकले आणि बशीत लाल शाई पसरली. घरच्या इंकजेट प्रिंटरवर छापलेले.

त्या बशीकडे बघत मी किती वेळ बसलो कुणास ठाऊक. हिने येऊन दिवा लावला.

२५,३०० रुपये गेले, त्याचं दुःख आहे. त्याहून मोठं दुसरं आहे. ऐरोलीला राहणारा एक तरुण, नुकता या छंदात आलेला, त्याने मला विचारलं होतं, ‘काका, माणूस खात्रीचा आहे ना?’ मी हो म्हणालो होतो. माझ्या शब्दावर त्याने १२,००० पाठवले. त्याला फोन करून खरं सांगणं हे या वर्षातलं सगळ्यात अवघड काम होतं. त्याच्या पैशातले निम्मे मी देऊ केले, तो घ्यायला तयार नाही. मी दर महिन्याला विचारतो.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला, सायबर पोर्टलवर तक्रार नोंदवली, पोलीस ठाण्यात दोघंही जाऊन आलो. तिथल्या बाईंनी नीट ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, पैसे पाठवून किती दिवस झाले? माझे शेवटचे पैसे जाऊन ४१ दिवस झाले होते. लगेच कळवलं तर समोरच्या खात्यातली रक्कम गोठवता येते, इतक्या दिवसांनी खात्यात काही उरत नाही. पैसे गेल्याचा संशय आला तर लाजेने एक रात्रसुद्धा घालवू नका, त्याच क्षणी १९३० लावा. मी मधले नऊ दिवस तर नुसता त्याचा बंद फोन लावण्यात घालवले.

त्याचा नंबर आता लागत नाही, पण त्या खोक्याचा फोटो फिरतोय. परवा पनवेलच्या एकाने मला विक्रीसाठी आलेला फोटो दाखवला. फुलाफुलांच्या निळ्या टेबलक्लॉथवर तेच पिवळ्या गाडीचं खोकं, डावीकडचा खालचा कोपरा चिमटलेला, किंमत आता ९,०००. ते खोकं माझ्या कपाटात आहे. तो टेबलक्लॉथ दिसला तर एक रुपयाही पाठवू नका, स्क्रीनशॉट ठेवा आणि पोलिसांना द्या.